पाण्याचा भांग

आपल्या महाविद्यालयात ‘वॉटरशेड’ हा एकच इंग्रजी शब्द तीन खोल्यांत तीन अर्थांनी शिकवला जातो, हे कितीजणांच्या ध्यानात आले असेल कोण जाणे! भूगोलाच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत वॉटरशेड म्हणजे एक रेषा. डोंगराच्या माथ्यावरून जाणारी, अलीकडचे पाणी एका नदीला आणि पलीकडचे दुसरीला वाटून देणारी. तोच जिना चढून वर गेले की अर्थशास्त्राच्या वर्गात ग्रामीण विकासाचा धडा चाललेला असतो. तेथे वॉटरशेड म्हणजे क्षेत्र, अमुक इतक्या हेक्टरांचे. आणि इंग्रजीच्या तासाला सर सांगतात की, फ्रेंच राज्यक्रांती ही युरोपच्या इतिहासातील वॉटरशेड होय. तेथे ना डोंगर, ना ओढा.

एका शब्दाला तीन अर्थ असणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. पण रेषा आणि क्षेत्र हे दोन अर्थ एकाच नकाशावर शेजारी शेजारी बसतात, आणि त्यांतला कोणता धरायचा यावरून राजेरजवाड्यांपासून ग्रामसभेपर्यंत वाद झालेले आहेत. भूगोल आणि भाषा असे दोन्ही विषय घेतलेल्या माझ्यासारख्याला या शब्दाचा माग काढावासा वाटला तो त्यामुळेच.

या जोडशब्दातले ‘वॉटर’ सरळ आहे. सगळी गंमत ‘शेड’मध्ये आहे. आपल्याला शेड म्हटले की पत्र्याची शेड आठवते. गुरांची, मोटारीची, फार तर कारखान्याची. त्या शेडचा येथे काही संबंध नाही. ती शेड सावलीच्या ‘शेड’ या शब्दाचीच दुसरी उच्चारलेली बहीण, असे कोशकार मानतात. आपल्या जोडशब्दातली शेड वेगळ्या घराण्यातली आहे. जुन्या इंग्रजीत ‘शेआदन’ असे एक क्रियापद होते. त्याचा अर्थ वेगळे करणे, विभागणे. हा अर्थ आजच्या पुस्तकी इंग्रजीतून बहुतेक गेला, पण खेड्यापाड्यांत टिकला. स्कॉटलंडात केसांच्या भांगाला ‘शेड’ म्हणत. तिकडचे मेंढपाळ कळपातून काही मेंढ्या कुत्र्याकरवी बाजूला काढतात, त्या कामाला आजही ‘शेडिंग’ म्हणतात. झाड पाने ‘शेड’ करते, साप कात ‘शेड’ करतो, ते क्रियापदही मुळात हेच. अंगापासून वेगळे करणे एवढाच त्याचा अर्थ.

जर्मन भाषेत याच घराण्यातले ‘शायडेन’ हे क्रियापद अजून धडधाकट आहे. वेगळे होणे, निरोप घेणे हे त्याचे अर्थ. त्यावरूनच घटस्फोटाला जर्मन लोक ‘शायडुंग’ म्हणतात. पाणी जेथे वेगळे होते त्या रेषेला त्यांचा शब्द आहे ‘वासरशायडे’. इंग्रजीतला ‘वॉटरशेड’ हा शब्द १८०३ च्या सुमारास लिखाणात आढळू लागतो, आणि तो या जर्मन शब्दाचा तुकड्याला तुकडा लावून केलेला अनुवाद असावा असा अभ्यासकांचा तर्क आहे. आपण ‘दूरध्वनी’ घडवला, त्यातलाच हा प्रकार. आणखी मागे गेले तर भाषाशास्त्रज्ञ या क्रियापदाला लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत यांच्या एका सामाईक गोतावळ्यात नेऊन बसवतात. तेथे त्याचा संस्कृतातला नातेवाईक भेटतो तो ‘छिद्’ हा धातू. म्हणजे आपला ‘छेद’ आणि त्यांची ‘शेड’ ही, दूरची का होईना, चुलत भावंडे ठरतात.

लॅटिनमध्ये याच कल्पनेला ‘दिवोर्तिउम आक्वारुम’ म्हणत, अर्थात पाण्यांची फारकत. इंग्रजीतला ‘डायव्होर्स’ याच ‘दिवोर्तिउम’पासून निघाला. इ. स. पूर्व ५१ मध्ये सिसेरो हा किलिकिया प्रांताचा सुभेदार असताना त्याने एका पत्रात लिहून ठेवले आहे की, अमानुस पर्वत त्याच्या आणि सीरियाचा सुभेदार बिबुलुस याच्या प्रांतांत सामाईक असून तो पाण्यांच्या फारकतीने वाटला गेला आहे. दोन सत्तांमधील सीमा डोंगराच्या माथ्यावर, पाणी जेथे दुभंगते तेथे मानावी, ही कल्पना इतकी जुनी आहे.

मला विचाराल तर या रेषेला मराठीत ‘पाण्याचा भांग’ म्हणावे. (भांग पुल्लिंगी, होळीतली ती स्त्रीलिंगी, तिचा येथे संबंध नाही.) डोक्यावर पाणी ओतले तर भांगाच्या डावीकडचे डाव्या कानाकडे आणि उजवीकडचे उजव्या कानाकडे ओघळते, तसेच हे. आणि भांगाप्रमाणेच ही रेषा म्हणजे स्वतः काही वस्तू नव्हे; दोन बाजूंच्या उतारांमुळे ती दिसते, इतकेच.

नकाशावर तर ती दिसतही नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की, त्यावर नदीनाले निळे, झाडी हिरवी, शेती पिवळी आणि समोच्च रेषा तपकिरी असतात. जलविभाजक रेषा मात्र कोणत्याच रंगात छापलेली नसते. ती ज्याची त्याने शोधायची. आमच्या प्रात्यक्षिकात हा प्रश्न हमखास असतो, म्हणून युक्ती सांगून ठेवतो. समोच्च रेषेचे टोक चढाकडे वळले असेल तर तेथे ओढा समजावा, उताराकडे वळले असेल तर डोंगराची सोंड. दोन ओढ्यांच्या संगमापाशी पेन्सिल ठेवून दोहोंच्या मधल्या सोंडेवरून वर चढत जावे. प्रत्येक समोच्च रेषेला काटकोनात छेदावे आणि वाटेत एकही निळी रेघ ओलांडू नये. शिखरे लागतील, खिंडी लागतील. निळी रेघ ओलांडली की उत्तर चुकले. एवढे एकच पथ्य. आणि ते मोठे मोलाचे आहे, कारण डोंगररांगेतले सर्वांत उंच शिखर या रेषेवर असेलच असे मुळीच नाही. पुढे जे राजकारण सांगणार आहे ते सगळे या एका वाक्यात आहे.

पण त्याआधी रेषेचे क्षेत्र कसे झाले ते पाहू. ‘शेड’चा विभागणे हा अर्थ इंग्रजांच्या बोलण्यातून मागे पडला आणि गाळणे, ढाळणे हा पुढे आला. लोक अश्रू ढाळतात, छप्पर पाणी ढाळते. मग वॉटरशेड म्हणजे पाणी ढाळणारी जमीन, असे ऐकणाऱ्याला वाटू लागले यात त्याचा दोष नाही. जोडशब्दाचा एक सांधा निखळला की लोक तो आपल्या समजुतीने पुन्हा जोडतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीचे सारे पाणलोट क्षेत्र या अर्थानेही हा शब्द छापला जाऊ लागला. घोटाळा टाळावा म्हणून काही भूगोलवेत्त्यांनी रेषेसाठी ‘वॉटर-पार्टिंग’ असा स्वच्छ शब्द वापरून पाहिला. तो पुस्तकांतच राहिला. अमेरिकेने मात्र वाटणी करून टाकली: रेषेला ‘डिव्हाइड’ आणि क्षेत्राला ‘वॉटरशेड’. ब्रिटनमध्ये जुना अर्थ जास्त टिकला. राज्यक्रांतीची उपमाही जुन्याच अर्थावर उभी आहे. माथा ओलांडला की सगळे प्रवाह दुसरीकडे वाहू लागतात. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर रात्री ९ वाजता मुलांचे कार्यक्रम संपून प्रौढांचे सुरू होऊ शकतात, त्या वेळेलाही तिकडे ‘वॉटरशेड’च म्हणतात.

आता राजकारण. दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना आणि चिली या दोन देशांच्या मध्ये अँडीज पर्वत भिंतीसारखा उभा आहे. १८८१ मध्ये त्यांनी तह केला. त्यात लिहिले की, ५२ अंश दक्षिण अक्षवृत्तापर्यंत सीमा ही पाणी दुभागणाऱ्या सर्वोच्च शिखरांवरून जाईल. तह लिहिणारांना वाटले की आपण एकच गोष्ट दोन शब्दांत सांगितली. उत्तरेकडे ते खरेही होते. दक्षिणेकडे पॅटागोनियात मात्र सर्वोच्च शिखरे एकीकडे आणि पाण्याची फारकत दुसरीकडेच निघाली. हिमयुगात बर्फाच्या नद्या पूर्वेकडे उतरल्या आणि त्यांनी वाहून आणलेल्या दगडमातीचे बांध सपाटीवर टाकले. बर्फ वितळल्यावर त्या बांधांमागे सरोवरे तुंबली आणि त्यांतल्या कित्येकांनी उलट पश्चिमेला, थेट पर्वतरांग भेदून, पॅसिफिककडे वाट काढली. त्यामुळे पाण्याचा भांग शिखरांपासून दूर पूर्वेला, मैदानात जाऊन पडला.

चिलीचे तज्ज्ञ दिएगो बार्रोस आराना म्हणाले, ‘दिवोर्तिउम आक्वारुम’ हाच तहाचा गाभा. अर्जेंटिनाचे फ्रान्सिस्को मोरेनो म्हणाले, गाभा म्हणजे सर्वोच्च शिखरे. मोरेनो हे नुसता वाद घालून थांबणारे गृहस्थ नव्हते. १८९८ मध्ये त्यांनी थोडे मजूर घेऊन फेनिक्स नावाच्या छोट्या नदीला चर खणून दिला. ही नदी जुना मार्ग सोडून पॅसिफिकच्या बाजूच्या एका मोठ्या सरोवराला मिळत होती. काही दिवसांच्या खोदाईनंतर तिचे पाणी जुन्या पात्रातून अटलांटिककडे वाहू लागले. म्हणणे असे की, जी रेषा मूठभर मजूर फावड्याने हलवू शकतात ती दोन राष्ट्रांची सीमा कशी काय होऊ शकते? एका शब्दार्थाचे खंडन कुदळ-फावड्याने केल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही.

प्रकरण युद्धावर येऊन ठेपले आणि दोघांनी ब्रिटिश राजसत्तेला पंच नेमले. जागेवर जाऊन पाहणी करण्यासाठी १९०२ मध्ये जे अधिकारी गेले ते सर थॉमस होल्डिच. त्यांची हयात आपल्या भारतीय सर्वेक्षण विभागात, वायव्य सरहद्दीचे नकाशे करण्यात गेली होती. तेथील एका दरीत वेल्सहून आलेले वसाहतवाले राहत होते. ३० एप्रिल १९०२ रोजी त्रेवेलिनच्या शाळेत त्यांना विचारण्यात आले, आणि त्यांनी अर्जेंटिनाच्या बाजूने कौल दिला. पाणी त्यांचे पॅसिफिकला जात होते, मन मात्र अटलांटिककडे. २० नोव्हेंबर १९०२ रोजी सातव्या एडवर्डने निवाडा दिला. त्याने शिखरांची रेषा पूर्ण धरली नाही आणि पाण्याचीही नाही, दोहोंच्या मधून वाट काढली. १९०४ मध्ये सीमेवरच्या खिंडीत तोफांचे ब्राँझ वितळवून केलेला ख्रिस्ताचा पुतळा उभारला गेला तो या शांततेच्या प्रीत्यर्थ.

हिमालयात एवढे सुखाने निभावले नाही. येथेही शिखरे आणि पाणी यांची गाठ सुटलेली आहे. सतलज आणि अरुण या नद्या पर्वतापेक्षा जुन्या मानतात. त्या पलीकडे तिबेटात उगम पावतात आणि रांग चिरून अलीकडे येतात. साक्षात एव्हरेस्टचे उदाहरण घ्या. त्याच्या दक्षिण उताराचे पाणी दूधकोसीतून आणि उत्तर उताराचे अरुणमधून शेवटी कोसीलाच व पुढे गंगेलाच मिळते. जगातले सर्वोच्च शिखर, पण गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांची फारकत काही त्याच्यावर होत नाही!

१८९० मध्ये ब्रिटन आणि चीन यांनी सिक्कीम-तिबेट सीमेचा करार केला. त्यात सीमा म्हणजे सिक्कीमच्या तीस्तेचे पाणी तिबेटातल्या मोचूच्या पाण्यापासून वेगळे करणारा डोंगरमाथा, असे म्हटले आणि लगेच पुढच्या वाक्यात ही रेषा गिपमोची शिखरापासून सुरू होते असेही म्हटले. २०१७ मध्ये डोकलामच्या पठारावर भारत आणि चीन यांचे सैनिक जून ते ऑगस्ट समोरासमोर उभे होते, तेव्हा ही दोन वाक्ये पुन्हा वर आली. चीनचा भर गिपमोची या नावावर; भारत आणि भूतान यांच्या मते तिन्ही देश मिळतात ते ठिकाण उत्तरेला, बटांग ला येथे. १९१४ ची मॅकमहोन रेषाही ढोबळ मानाने जलविभाजकाच्या तत्त्वावर आखलेली. ती थागला कड्यावरून जाते, हे भारताचे म्हणणे त्याच तत्त्वावर आधारलेले होते आणि चीनला ते मान्य नव्हते. २० ऑक्टोबर १९६२ रोजी युद्धाला तोंड फुटले ते याच कड्याच्या पायथ्याशी, नामकाचू नदीच्या काठावर.

आपल्या महाराष्ट्रालाही असाच एक लांबलचक भांग आहे. महाबळेश्वरच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे पाणी एकत्र दाखवतात. त्यांतली सावित्री पश्चिमेला उतरते आणि पोलादपूर, महाड करीत बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला. घाटमाथ्यावर पडलेला थेंब वितभर इकडे की तिकडे, एवढ्यावर हे सारे ठरते. निदान ठरत होते. मोरेनोंनी फावड्याने जे केले ते पुढे आपल्याकडे बोगद्यांनी आणि नळांनी झाले. मुळा ही भीमेच्या खोऱ्यातली नदी. मुळशीच्या धरणात तिचे पाणी अडवून ते घाटाखाली भिरा येथे विजेसाठी सोडले, आणि तेथून ते कुंडलिकेने अरबी समुद्राला जाते. त्या धरणात जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. सेनापती बापटांचे नाव त्यामुळेच मुळशीशी जोडले गेले. कोयनेचे पाणीही १९६२ पासून डोंगराच्या पोटातून पोफळीकडे उतरून वाशिष्ठीला मिळते. कृष्णा पाणीतंटा लवादापुढे तीन राज्ये भांडली, त्यात खोऱ्याबाहेर पश्चिमेला वळवलेले हे पाणीही हिशेबाला होते.

आता मराठी शब्दांकडे वळू. या बाबतीत आपली भाषा इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे, हे अभिमानाने नव्हे तर वस्तुस्थिती म्हणून सांगतो. रेषेला आपल्याकडे ‘जलविभाजक’ किंवा ‘जलदुभाजक’ आहे. यातला दुभाजक आता मोठ्या रस्त्याच्या मधोमध, फुलझाडांच्या कुंड्यांसह, रोजच्या ओळखीचा झाला आहे, त्यामुळे हा शब्द शेतकऱ्यालाही समजावून सांगावा लागत नाही. क्षेत्राला ‘पाणलोट’ आहे. पाणी आणि लोट. धुळीचे लोट उठतात त्यातलाच लोट, जोराने पुढे ढकलला जाणारा. माथ्यापासून ओढ्यापर्यंत जेवढ्या जमिनीवरून पाणी लोटत येते ती सगळी पाणलोटात आली. दोन गोष्टी, दोन शब्द. एवढी सोय असून आपण ती मोडतो, कारण भाषांतर करणारा इंग्रजी ‘वॉटरशेड’ पाहतो आणि संदर्भ न पाहता हाताला येईल तो शब्द ठेवून देतो. इतिहासाच्या एका भाषांतरित पुस्तकात मी ‘ही घटना पाणलोट ठरली’ असे वाचले. कशाचा पाणलोट आणि कोणता ओढा, हे लेखकालाच ठाऊक!

पुस्तकात असे झाले तर हसून सोडता येते. गावात तसे होत नाही. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार यांची उदाहरणे सगळ्यांना पाठ आहेत. १९९२ पासून महाराष्ट्रात भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमही चालला. ज्या देशाच्या शब्दावरून इंग्रजी शब्द बेतला गेला असावा त्याच देशाची मदत. या सर्व कामांचे सूत्र ‘माथा ते पायथा’. आधी माथ्यावर समतल चर, मग उतारावर दगडी बांध, मग ओढ्यात नालाबांध. म्हणजे कामाची सुरुवात जेथून होते तीच जलविभाजक रेषा, आणि कामाची हद्दही तीच.

आमच्या गावात कामे आली तेव्हा फलकावर गावाचे नाव आणि त्याखाली ‘पाणलोट क्षेत्र’ एवढेच रंगवले होते. सर्वांनी धरून चालले की गाव म्हणजे पाणलोट. आमची एक वाडी डोंगराच्या पलीकडच्या उतारावर आहे. ग्रामपंचायत आमची, रेशन आमच्याकडचे, मुलेही आमच्याच शाळेत येतात. चर मात्र माथ्यापर्यंत आले आणि थांबले. ग्रामसभेत वाडीतले एक म्हातारबाबा उठले आणि म्हणाले, “सायेब, आमचं पाणी तिकडं पळतंय, म्हून आमीबी तिकडचंच का?” आलेले अधिकारी सज्जन होते, त्यांनी आराखड्यावर बोट ठेवून ‘ही वॉटरशेडची लाइन’ असे दोनदा सांगितले. पण फलकावर पाणलोट म्हणजे गाव आणि साहेबांच्या तोंडी वॉटरशेड म्हणजे रेघ, असा तो मामला होता. तासभर दोन्ही बाजू एकाच शब्दाचे दोन अर्थ धरून बोलत राहिल्या. शेवटी मी नकाशा घेऊन त्या बाबांच्या शेजारी बसलो आणि माथ्यावरून बोट फिरवीत म्हटले, “आजोबा, हा डोंगराचा भांग. इकडचं पाणी आमच्या ओढ्याला, तिकडचं तुमच्या.” त्यांनी क्षणभर पाहिले आणि विचारले, “मग आमच्या वड्याचा कागद कुणाकडं हाय?”

भूगोलाच्या दृष्टीने नेमका प्रश्न तोच होता. साहेबांची रेघ बरोबर होती. वाडीचा ओढा ज्या नाल्याला मिळतो तो शेजारच्या तालुक्यात आहे. त्या नाल्याचा आराखडा त्या तालुक्याच्या दप्तरात आहे, आणि त्यात वाडीचे नाव नाही. कारण ती त्या तालुक्याची नव्हे. गेल्या पावसाळ्याआधी वाडीतल्या चौघांनी तिकडे अर्ज दिला. अर्जासोबत मी काढून दिलेला नकाशा जोडला आहे. त्यावर भांग तांबड्या शाईने दाखवला आहे आणि खाली ‘जलविभाजक रेषा’ असे लिहिले आहे.